कागलच्या अलीकडं जर्मनी

आमच्या शिरूर कासारातला आप्पा सानप अंतर किलोमीटरात सांगत न्हाई. त्याला विचारा, "आप्पा, सांगली किती लांब?" तर म्हणणार, "दोन चहा, एक जेवण." बारामती विचारा, "एक चहा, तोबी प्यायचा तर प्या." कर्नाटकातलं अथणी विचारा, "दोन जेवणं आन् एक पंक्चर." पंक्चर धरूनच सांगतो, आन् ते होतंच.

तीस वर्षं हा माणूस ऊसतोडीचा मुकादम हाय. दसरा झाला की वाड्यावस्त्यांवरची जोडपी ट्रकात भरायची, पोरं, भांडी, कोंबड्यांसकट, आन् कुठल्यातरी साखर कारखान्याच्या दारात नेऊन उतरवायची. तीस वर्षांत त्याचा एक ट्रक ठरल्या येळंला सुटला न्हाई, असं झालं न्हाई. म्हाताऱ्या आया ट्रकाच्या फळीला धरून रडायच्या, तर हा खालून वरडायचा, "रडारड वाटंत करा! गाडी सुटायची येळ झाली!" लई जणांनी त्याला शिव्या दिल्या, पण मनातल्या मनात. मुकादमाला तोंडावर शिवी कोण देतंय?

मी सोमनाथ. तहसीलपुढं माझं दुकान हाय. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, तिकिटं, फ्लेक्स, सगळं एकाच टेबलावर. मी बी.कॉम. झालोय. हे सांगायचं कारण पुढं येईल, आन् त्यात अभिमान बाळगावा असं काय न्हाई.

तर आप्पाची एकुलती एक पोरगी वैष्णवी. नर्सिंग केलं, दोन वर्षं पुण्याच्या दवाखान्यात काढली, रात्री ड्युटी आन् दिवसा जर्मन भाषेचा क्लास. परीक्षा पास झाली, आन् एक दिवस तिला जर्मनीतल्या दवाखान्याची नोकरी लागली. फ्रँकफुर्ट नावाचं शहर. गावात बातमी फुटली तसा आप्पा रोज माझ्या दुकानात येऊन बसाय लागला. त्याच्या घरी कंप्यूटर न्हाई, मोबाइलवर त्याला दिसत न्हाई, म्हणून माझं डोकं खायचं.

"सोमनाथ, दाब बरं. मुंबई ते फ्रँकफुर्ट किती?"

"काल दाबलं की आप्पा."

"काल ते काल. वाढलं-बिढलं आसल."

अंतर कसं वाढंल? पण मुकादमाशी वाद घालायचा न्हाई, हे आमच्याकडं लहानपणीच शिकवतेत. मी दाबायचो. कंप्यूटर सांगायचा, साडेसहा हजार किलोमीटर, विमानानं नऊ तास. एकदा त्याला काय वाटलं कुणाला ठाऊक, म्हणला, "बीड ते मुंबई दाब." दाबलं. आलं, विमानानं चाळीस मिनिटं.

"बीडला विमान कुठंय बे?"

"न्हाई."

"मग हे चाळीस मिनिटं कुणाचे?"

"घारीचे," म्हणलं. "घार उडाली तर."

आप्पा हासला न्हाई. बोटं मोडत बसला. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणला, "आरं, आपल्या ट्रकाला कागलला जायाला चौदा तास लागतेत. पोरगी नऊ तासांत फ्रँकफुर्ट. म्हंजी जर्मनी कागलच्या अलीकडंच हाय की बे!"

झालं. ह्या एका वाक्यावर त्यानं आख्खा महिना काढला. पारावर तेच, सोसायटीत तेच. घरी वैष्णवीची आई, सुनिताकाकू, पापड लाटता लाटता पदर डोळ्याला लावायच्या, तर हा म्हणायचा, "रडायला काय झालं? कागलच्या अलीकडं तर हाय!" काकू एकदा माझ्याकडं वैतागून म्हणाल्या, "सोमनाथ, ह्यांना विचार, कागलवरनं पोरगी दिवाळीला येती. जर्मनीतनं येईल का?" मी काय विचारतोय! पण आप्पा दिवसातनं चार चार येळा अंतर दाबून बघतो ते आनंदानं न्हाई, एवढं मला बी कळत होतं. फोड आला की माणूस सारखं बोट लावून बघतं, तसं त्याचं चाललं होतं.

त्याची एकच जिद्द होती. "हजार माणसं बसवली ह्या हातानं गाडीत. माझी पोरगी मीच बसवणार. विमानाच्या दारापत्तूर जाणार." दारापर्यंत सोडत न्हाईत, काचंच्या अलीकडंच थांबावं लागतं, हे मी दहादा सांगितलं. "ते बगू," म्हणायचा. पोरीला आपल्या हातानं वाटंला लावायचं, त्याला दुसरं काय सुचत नव्हतं.

तिकीट आलं ते माझ्या कंप्यूटरवर आलं, छापलं मीच. वर लिहिलेलं, शुक्रवार, शून्य शून्य पन्नास.

"शून्य शून्य म्हंजी कसं?" आप्पा.

"रात्रीचे बारा. म्हंजी एकला दहा कमी."

"शुक्रवारी रात्री. बास. जेवूनखाऊन निघायचं न्हाई, सकाळीच निघायचं. नऊ तासांचा रस्ता हाय मुंबईचा."

आता आमच्या लोकांचा दिवस कसा असतो ते सांगतो, म्हंजी मला शिव्या द्यायच्या आदी तुमी जरा थांबाल. आमचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, आन् दुसऱ्या दिवशी सूर्य उगवंपत्तूर चालतो. मधली सगळी रात्र आदल्या दिवसाची. आप्पाचे ट्रक बी रात्री एक-दोनलाच सुटायचे. "शुक्रवारी रात्री एकला" म्हणलं की माणसं शुक्रवारची भाकर खाऊन वळकट्या घेऊन हजर. तीस वर्षांत गुरुवारी कुणी येऊन बसलं न्हाई. मग तिकीट आप्पानं बघितलं, मी बघितलं, वैष्णवीनं बघितलं, सगळ्यांनी शुक्रवारची रात्र वाचली. वैष्णवी रात्रपाळ्या केलेली पोरगी, तिला तरी कळाय पाहिजे होतं. पण त्या घरात निघायची येळ आप्पानं सांगायची आन् बाकीच्यांनी चपला घालायच्या, असा रिवाज. आन् मी बी.कॉम.

शुक्रवारी सकाळी नवाला निघायचं ठरलं. मोठा समारंभ नको म्हणता म्हणता गुरुवारी सांजच्याला सहा वाजता निरोपाचा कार्यक्रम ठरला. मांडव, खुर्च्या, आन् तालुक्याचे एक साहेब येणार. फ्लेक्स मीच छापला. वैष्णवी मधी, आप्पा खाली, आन् साहेब वर, तिघांच्यात मोठे. आता आमच्याकडं पहिल्यांदा लांब निघालेल्या पोरीची ओटी आत्यानं भरायची असती. आप्पाची बहीण रोहिणी दिली धारूरला. तिला आणायला आप्पा गुरुवारी सकाळीच स्वतःची जीप घेऊन धारूरला गेला. धारूर म्हंजी मुंबईच्या बरोबर उलट्या अंगाला, शंभर किलोमीटर.

गुरुवारी दुपारी पाऊण वाजता मी डबा उघडून बसलतो. वैष्णवी पळत आली. अनवाणी. हातात तिकिटाचा कागद.

"सोमनाथदादा, हे परत वाचा."

झालं असं होतं. सत्तार ड्रायव्हरच्या गाडीतनं मुंबईला जायचं होतं, आन् सत्तारची आई मदिनाबी ह्यांच्या मागच्याच गल्लीत राहती. म्हातारीनं पोरीसाठी थंडीची वाकळ शिवली होती. ती आणायला वैष्णवी गेलती. मदिनाबीनं विचारलं, "कवा जातीस बेटी?" ही म्हणली, "शुक्रवारी रात्री पाऊण-एकचं विमान हाय, खाला."

"म्हंजी आजच की!"

"आज गुरुवार हाय, खाला."

"दिवस गुरुवारचा. रात जुम्म्याची. आज सूर्य बुडला की जुम्मा लागला. उद्याची रात शनवारची."

वैष्णवी आदी हासली. त्यांच्यात रात्र दिवसाच्या आदी येती, आमच्यात मागनं येती, आन् लहानपणापासनं हे तिला ठाऊक होतं. मग तिच्या मनात आलं, विमानवाले कुणाचं धरत असतील? आन् तिथनं ती तशीच पळत सुटली.

मी कागद बघितला. शुक्रवार, शून्य शून्य पन्नास. विमानवाले ना आमचे, ना मदिनाबीचे. त्यांचा दिवस रात्री बाराला सुरू होतो. पण ही रात्र मात्र मदिनाबीच्याच बाजूची निघाली. गुरुवार मावळला की जी रात्र येती ती. म्हंजी आज. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. चार दिवस तो कागद माझ्या ड्रॉवरमधी होता, आन् बिनशाळेच्या म्हातारीला जे न बघता कळलं ते मला छापून कळलं न्हाई. थू माझ्या बी.कॉम.वर!

आप्पाला फोन लावला. सांगितलं.

"म्हंजी विमान आज रातीलाच, आप्पा."

"सत्तारला गाडी काढाय लाव," आप्पा म्हणला. "तू बी जा संगं, कागदपत्रं तुला कळतेत. माझी वाट बगू नका. मी हितनं येतो सरळ."

"आप्पा, चुकलं माझं..."

"रडारड वाटंत कर बे! निघा!"

पुढच्या तासाभरात त्या घरात जे झालं ते आठवलं तरी दम लागतो. पापड गच्चीवरच वाळत राहिले. स्वेटर नगरहून सांजच्याला यायचा होता, तो न्हाईच. काकूंनी देवापुढं ठेवलेला नारळ तसाच राहिला, आन् पोरीच्या हातावर घाईघाईत दही-साखरंऐवजी मीठ पडलं. तिनं ते तसंच गिळलं. मदिनाबी वाकळ घेऊन गाडीपाशी आली, आन् सामानाचं वजन भरलं म्हणल्यावर पोरीच्या अंगावरच टाकली. दोनला दहा कमी असताना सत्तारनं गाडी काढली. मांडववाला खुर्च्या लावत होता. त्यानं हात हालवून विचारलं, "साहेबांना किती वाजता बोलवलंय?" आता ह्याला काय सांगायचं!

मी वाटंत गणित घातलं. धारूरवरनं केज, मांजरसुंबा, जामखेड करत नगर. आप्पा आमच्यापेक्षा लांबून निघालेला, पण आप्पाचं चालवणं मला ठाऊक हाय. साडेनऊ, लई तर दहा तासांत तो विमानतळावर येणार. म्हंजी अकरापर्यंत. पावणेबारापर्यंत सामान घेतेत. गाठ पडतीय. मी वैष्णवीला तसं सांगितलं. तिचा जीव जरा खाली बसला.

पण फोन यायला लागले. मांजरसुंब्यावरनं, "थांबलोय. अक्काला मळमळतंय." जामखेडवरनं, "थांबलोय. अक्काला उलटी झाली." रोहिणीअक्काला गाडी लागती हे सगळ्यांना ठाऊक, पण एवढी? कडा गावात थांबला. नगरच्या पुढं सुप्याला थांबला. लोणावळ्याच्या अलीकडं परत थांबला. माझी नुसती आग आग झाली. "अक्काला म्हणावं लिंबू चोख, खिडकी उघड, काय बी कर, पण थांबू नको!" आप्पा म्हणायचा, "म्हातारं माणूस हाय रे. काय करता?" तीस वर्षांत मी त्याच्या तोंडून "काय करता" हा शब्द ऐकला नव्हता.

आमी साडेदहाला पोचलो. वैष्णवी काचंच्या दारापाशी ढकलगाडी धरून उभी राहिली. एकेक गाडी आली की मान लांब करायची. पावणेअकरा, अकरा, सव्वाअकरा. आप्पा पनवेलच्या बी मागं होता. साडेअकराला तिनं काकूंच्या पायाला हात लावला, माझ्या लावला, सत्तारच्या लावला. सत्तार म्हणला, "बेटी, आता जा. आप्पाचं मी बगतो." ती आत गेली. वाकळ खांद्यावरच होती. काकू काचंला कपाळ लावून उभ्या राहिल्या, तर शिपायानं बाजूला सरकायला लावलं.

आप्पाची जीप साडेबाराला आली. अक्का उतरली, पदरात ओटीचे तांदूळ, हातात नारळ, आन् ओटी कुणाची भरायची हे तिला समजंना. आप्पानं काच बघितली, आत बघितलं. "गेली?" एवढंच म्हणला. मग जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, एकला दहा कमी होईपत्तूर.

परत निघालो. वाटंत दोन तास गाडीतच आडवे झालो. सकाळी पावणेअकराला पाथर्डीत चहाला थांबलो आन् काकूंच्या मोबाइलवर फोन आला. वैष्णवी होती.

"पोचले मी. सामान बी आलं. तुमी घरी पोचलात का?"

"न्हाई गं," आप्पा म्हणला, "पाथर्डीत हाय."

तिकडनं ती हासली. हितनं सत्तार हासला, मी हासलो. काकू मात्र हासता हासता रडाय लागल्या. पोरगी साडेसहा हजार किलोमीटर जाऊन उतरली, आन् आमाला घरी जायला अजून तासभर होता.

गुरुवारचा कार्यक्रम साहेबांनी गुरुवारी रद्द केला, आन् शुक्रवारी चारला घ्या म्हणले. नको कसं म्हणणार? बैल गेला आन् झोपा केला म्हणतेत ते हेच. पोरगी तिकडं दवाखान्याच्या खोलीत बॅग उघडत होती, आन् हितं मांडवात साहेब म्हणत होते, "ही कन्या आज आकाशात झेप घेणार!" हार आप्पाच्या गळ्यात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायच्याच असतात.

मांडव रिकामा झाल्यावर मी आप्पापाशी जाऊन बसलो. म्हणलं, "आप्पा, माझ्यामुळं झालं. कागद मी नीट वाचला असता तर तुमी पोरीला हातानं बसवली असती. आन् वरनं अक्कांची तब्येत तशी झाली."

आप्पानं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

"अक्काला एकदाच उलटी झाली," तो म्हणला. "जामखेडला."

मला आदी समजलंच न्हाई.

"बाकीच्या येळंला मीच थांबलो. गाडी बाजूला घ्यायचो आन् बसायचो. अक्का म्हणायची, आरं चल की, पोरगी वाट बगतीया. मी बसूनच राहायचो."

"कावून, आप्पा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. मांडववाला खुर्च्या एकावर एक चढवत होता, तिकडं बघत राहिला.

"आरं, मांजरसुंब्यालाच कळलं मला. पोचलो असतो तर बसू दिली नसती तिला. हाताला धरून माघारी आणली असती."